जुन्या जीपच्या मागच्या हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन बसवणं : पत्ती, बॅकलॅश आणि पॅटर्न

मुलुंडची_जीप

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे, सीजे थ्री-बी. मागे स्पायसरचा ४४ नंबरचा अ‍ॅक्सल, हौसिंगमधल्या मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला, ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८, म्हणजे ५.३८ चा रेशो. पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये क्राऊन, टेल पिनियन आणि सगळी बेअरिंगं नवीन टाकून घेतली. तेव्हापासून ताशी ४५ च्या पुढे अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागून मोठा हुंकार सुरू होतो. पाय काढला की सूर बदलतो, कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

गॅरेजचं म्हणणं, "नवीन गियर आहे, हजारभर किलोमीटर चालवा, आपोआप बसेल." हजार कधीच उलटले. आवाज बसला नाही, उलट वाढला.

आता मागचं कव्हर उघडलंय. दात तुटलेला नाही, तेलात तुकडे नाहीत. क्राऊन हाताने हलवून बघितलं तर खेळ ठीक वाटतो. हे काम नीट समजून घेऊन स्वतः करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? कोणती हत्यारं लागतील? आणि "बसेल आपोआप" यात काही तथ्य आहे का?

काळीपिवळी

क्रॉस तपासलेत का आधी? पुष्कळदा प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस गेलेला असतो आणि लोक हौसिंग खोलून बसतात. मागच्या चाकांची बेअरिंगंही बघा.

मुलुंडची_जीप

क्रॉस दोन्ही नवीन आहेत. चाकं जॅकवर उचलून फिरवून बघितली, आवाज नाही. वळणावर वजन एका बाजूला गेलं तरी सूर बदलत नाही.

निवृत्त_फिटर

मुलुंडकर, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चुकीचा बसवलेला गियर चालवून बसत नाही. नवी जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून, म्हणजे लॅप करून येते. तिला पहिले काही किलोमीटर सांभाळून चालवायचं असतं ते दातांची पृष्ठं गरम-थंड होऊन मुरावीत म्हणून. जागा चुकली असेल तर चालवल्याने ती चुकीच्या जागीच झिजते आणि मग योग्य जागी आणली तरी थोडा आवाज राहतो. म्हणून आता गाडी अजिबात चालवू नका.

क्रॉस आणि चाकांचं तुम्ही आधीच तपासलंत ते उत्तम. आवाज पायाबरोबर बदलतो, म्हणजे भार दाताच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेला की सूर बदलतो. हे क्राऊन-पिनियनचंच लक्षण आहे. पायाशी संबंध नसता आणि फक्त वेगाबरोबर घरघर वाढली असती, तर मी चाकांच्या बेअरिंगवर संशय घेतला असता. गाडी जागेवरून सुटताना एकच "ठक्" आला असता तर क्रॉस किंवा आतले स्टार गियर आणि त्यांचे वॉशर.

आता मुख्य गोष्ट. या कामात चार मापं असतात: पिनियनची खोली (तो क्राऊनच्या मध्याकडे किती आत आहे ते), पिनियनच्या बेअरिंगचा ताण म्हणजे प्रीलोड, क्राऊन-पिनियनच्या दातांमधला मोकळा खेळ म्हणजे बॅकलॅश, आणि क्राऊन ज्यावर बोल्टने बसतं त्या केजच्या बेअरिंगचा प्रीलोड. बहुतेक गॅरेजमध्ये बॅकलॅश बघतात, नट कचकून आवळतात आणि कव्हर लावतात. खोली कोणी बघत नाही, कारण ती हाताला कळतच नाही. पिनियन जास्त आत गेला असेल आणि क्राऊन तेवढा बाजूला सरकवला असेल, तर बॅकलॅश बरोबर येतो. पिनियन कमी आत असेल आणि क्राऊन जवळ ओढला असेल, तरीही बॅकलॅश बरोबरच येतो. या दोन आणि तिसरी नीट बसवलेली, डायल गेज तिन्ही वेळा ७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दाखवेल, आणि तिन्हींपैकी एकच गाडी शांत चालेल.

हा फरक फक्त दातावरचा रंगाचा ठसा दाखवतो. तो बघितल्याशिवाय हौसिंग बंद करायचं नाही. दुसऱ्याकडून काम करून घेत असाल तर बंद करू द्यायचं नाही. समोर उभं राहून पॅटर्न दाखवा म्हणायचं, आणि हल्ली फोन आहेत, फोटो काढून ठेवायचा.

आत्ता काहीही सैल करू नका. जसं आहे तसंच आधी मोजा.

डायल गेज मॅग्नेटच्या स्टँडवर लावा. नागदेवी स्ट्रीटला साधा चांगला गेज मिळतो. त्याची टोकणी क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाशी, दाताच्या पृष्ठाला काटकोनात टेकवा. पिनियन घट्ट धरून ठेवा आणि क्राऊन पुढे-मागे हलवा. हे क्राऊनवर चार ठिकाणी करा. साधारण ५ ते १० थाऊ, म्हणजे ०.१३ ते ०.२५ मिमी चालतं. आपल्या अ‍ॅक्सलचं मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा धरा. चार ठिकाणच्या आकड्यांत २-३ थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर क्राऊन वाकडं बसलंय. बहुतेक वेळा क्राऊन आणि केजच्या मध्ये बर (धातूची उठलेली कड) किंवा कचरा अडकलेला असतो.

मग तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी मार्किंग पेस्ट लावा. पिवळी मिळाली तर उत्तम, ठसा स्पष्ट दिसतो. प्रशियन ब्लूही चालतं, पण गडद गियरवर डोळे ताणावे लागतात. आम्ही पूर्वी शेंदूर तेलात कालवून लावायचो. थर पातळ हवा. क्राऊनवर लाकडाच्या ठोकळ्याने चांगला दाब द्या आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. दाब नसेल तर ठसा फसवा येतो. दोन्ही बाजूंचं चित्र इथे सांगा. आणि जुना पिनियन जपून ठेवला असेल तर दोन्ही पिनियनच्या तोंडावर काय कोरलंय तेही वाचा.

सह्याद्री_भटका

वाचनखूण साठवली. हौसिंग खोलणाऱ्यांसाठी एक भर: केजवरच्या दोन बेअरिंग कॅप काढण्याआधी डावी-उजवी खूण करा. त्या हौसिंगला लावूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) नीट बसत नाही. या अ‍ॅक्सलवर सहसा अक्षरं ठोकलेली असतात, एक उभं आणि एक आडवं. ती दिसली नाहीत तर पंचने एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन ठिपके मारा.

यांत्रिकी_शिक्षिका

फिटरकाकांच्या "खोली हाताला कळत नाही" या वाक्यामागचं थोडं सांगते. मुलांना शिकवताना इथेच जास्त वेळ जातो.

हा हायपॉइड गियर आहे. पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याच्या खाली असतो, दोन्हींचे अक्ष एकमेकांना छेदत नाहीत. त्यामुळे पिनियन मोठा आणि मजबूत करता येतो, एका वेळी जास्त दात भिडतात आणि प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो. पण दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. म्हणून तेलाची फिल्म तोडणारा दाब आणि घर्षण दोन्ही एकाच जागी येतात, आणि म्हणूनच इथे जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. जीएल-४ मधली अतिदाबाची रसायनं या घसरणीला पुरत नाहीत.

दातांचा आकार असा कापलेला असतो की संपर्क दातभर न होता मधल्या लंबगोलात व्हावा. भार आल्यावर हौसिंग आणि शाफ्ट किंचित वाकतात आणि तो लंबगोल पसरतो. पसरायला चारही बाजूंनी जागा हवी. आधीच मुळाशी किंवा माथ्याशी सरकलेला ठसा भाराखाली कडेवर जातो. कड घासली की आवाज, आणि पुढे दाताच्या कपच्या उडतात.

मुलुंडची_जीप

सगळं करून बघितलं. बॅकलॅश चारही ठिकाणी ८ थाऊच्या आसपास, फरक १ थाऊचा.

ठसा: पुढे जाताना भार येतो त्या फुगीर बाजूवर तो दाताच्या मुळाशी आहे आणि आतल्या टोकाकडे सरकलेला. पाय काढल्यावर भार येतो त्या खोलगट बाजूवरही मुळाशीच, पण तिथे बाहेरच्या टोकाकडे. माथ्याजवळची पेस्ट दोन्ही बाजूंना जशीच्या तशी.

जुना पिनियन माळ्यावर होता. त्याच्या तोंडावर जोडीचा नंबर आणि खाली "–१" कोरलंय. नव्यावर "+२". नव्या क्राऊनच्या कडेचा नंबर नव्या पिनियनशी जुळतो.

गॅरेजला फोन करून विचारलं, खोलीची पत्ती (जागा जुळवायची पातळ चकती) कोणती टाकली? "जुनीच टाकली, पत्ती चांगली होती."

निवृत्त_फिटर

झालं. रोग सापडला.

तो आकडा म्हणजे हा पिनियन आदर्श जागेपासून किती थाऊ इकडे-तिकडे बसवायचा याची कारखान्याची खूण. या अ‍ॅक्सलमध्ये अधिक म्हणजे क्राऊनच्या मध्यापासून तेवढा दूर, उणे म्हणजे तेवढा जवळ. जुना –१ होता आणि त्याला साजेशी पत्ती होती. नवा +२ आहे, म्हणजे जुन्यापेक्षा ३ थाऊ दूर हवा. पत्ती तीच ठेवली, म्हणून पिनियन ३ थाऊ जास्त आत आहे. तुमचा ठसा तेच सांगतोय: दोन्ही बाजूंना मुळाशी, पुढच्या भारावर आतल्या टोकाकडे, उलट्या भारावर बाहेरच्या टोकाकडे. पिनियन कमी आत असता तर ठसा माथ्याशी चढला असता.

म्हणजे गॅरेजने बॅकलॅश बरोबर केला, खोली राहिली.

आता उपाय. खोलीची पत्ती आतल्या, म्हणजे मोठ्या बेअरिंगच्या कपाखाली असते. कप काढा, पत्त्या मायक्रोमीटरने एकेक मोजा, आणि एकूण जाडी ३ थाऊने कमी करा. पत्ती तयार स्टीलचीच वापरा. पितळेच्या शीटमधून कापून टाकणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. त्या जागी सतत मार बसतो, पितळ चेपतं आणि प्रीलोड सैल पडतो.

आणि ही गोष्ट पुष्कळजण विसरतात: या अ‍ॅक्सलमध्ये पिनियनच्या शाफ्टवर बाहेरच्या बेअरिंगपाशी दुसऱ्या पत्त्या असतात, त्या प्रीलोडच्या. आतला कप ३ थाऊ बाहेर आला की दोन कपांमधलं अंतर ३ थाऊने घटतं. म्हणून शाफ्टवरच्या पत्त्यांतूनही तेवढेच थाऊ काढायचे, नाहीतर पिनियन सैल राहील.

प्रीलोड मोजताना क्राऊन आत नको आणि ऑइल सीलही लावलेलं नको. नट पूर्ण आवळलेला, साधारण २०० फूट-पौंड, म्हणजे २७० न्यूटन-मीटरच्या आसपास. यॉकवर (पिनियनला प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्या भागावर) एक पट्टी बोल्टने लावा, मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी लांब, म्हणजे तिचं स्वतःचं वजन आकड्यात येत नाही. मध्यापासून २० सेंटिमीटरवर स्प्रिंगचा काटा अडकवून काटकोनात सावकाश ओढा. सुटतानाचा झटका सोडून द्या, फिरत असतानाचा आकडा वाचा. नव्या बेअरिंगला २० ते ४० इंच-पौंड हवेत. ते २० सेंटिमीटरवर साधारण १.१५ ते २.३ किलो भरतात. तुमची बेअरिंगं हजारभर चाललेली आहेत, त्यांना याच्या निम्म्याच्या आसपास ठेवा.

पिनियन झाल्यावर केज बसवा आणि बॅकलॅश पुन्हा मोजा. पिनियन मागे गेल्यामुळे तो थोडा वाढलेला असेल. केजची एका बाजूची पत्ती काढून तीच दुसऱ्या बाजूला टाकायची, म्हणजे एकूण जाडी तीच राहते आणि बेअरिंगचा ताण बदलत नाही. क्राऊन जेवढं सरकवाल त्याच्या साधारण ०.७ पट बॅकलॅश बदलतो.

कुर्ला_लेथ

केजच्या पत्त्या बेअरिंगच्या कोनखाली (आतल्या कडीखाली, म्हणजे रेसखाली) असतात, म्हणजे प्रत्येक बदलाला पुलरने बेअरिंग उपटायचं आणि परत प्रेसने बसवायचं. दोन-तीन वेळा केलं की बेअरिंगचा पिंजरा वाकतो. त्यापेक्षा जुन्या, त्याच नंबरच्या बेअरिंगचं आतलं भोक किंचित मोठं करून ठेवा, हाताने सरकून बसेल इतकंच. रेस कडक असते, लेथवरच्या साध्या टूलने कापली जात नाही. बारीक ग्राइंडिंग स्टोन किंवा एमरीने सावकाश घासावी लागते. माप जमेपर्यंत हीच जोडी वापरायची, शेवटी खरी बेअरिंगं प्रेस करायची. शेवटच्या फेरीत पॅटर्न आणि बॅकलॅश पुन्हा बघायचाच, कारण दोन बेअरिंगांची उंची हुबेहूब सारखी नसते.

आणि क्राऊन केजवर चढवताना बोल्टने एका बाजूने ओढू नका. दोन्ही पृष्ठांवरून तेलाचा दगड फिरवा, क्राऊन गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मग आडव्या-उभ्या क्रमाने थोडं थोडं आवळा. बोल्ट नवे, धागे कोरडे पुसलेले, त्यावर थ्रेडलॉकर.

काळीपिवळी

सगळं मान्य, पण एक सांगतो. आमच्या घरच्या पद्मिनी टॅक्सीची हौसिंगं ताडदेवच्या एका वस्तादाने वर्षानुवर्षं हाताने खेळ बघून बसवली. ना गेज, ना पेस्ट. कधी आवाज नाही. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

निवृत्त_फिटर

किंमत नक्कीच आहे, आणि अशा वस्तादांना माझा नमस्कार. पण त्यांच्याकडे त्याच गाडीचं तेच काम रोज यायचं. बेअरिंग बदललं, क्राऊन-पिनियन तेच, पत्ती तीच: यात खोली जवळपास बदलत नाही, आणि उरलेला बॅकलॅश सवयीच्या हाताला कळतो. जोडीच नवी आली की हाताची सवय पुरत नाही, कारण पिनियनवरचा तो आकडा बदललेला असतो. तुमच्या वस्तादाने नवी जोडी टाकताना जुन्या-नव्या पिनियनची तोंडं शेजारी धरून वाचली असतील, असं मला खात्रीने वाटतं. चांगली माणसं ते न बोलता करायची.

काळीपिवळी

हे मात्र खरं. चष्मा कपाळावरून खाली घेऊन पिनियनचं तोंड उजेडात धरायचे. मला वाटायचं तडा बघतायत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्यांचं काम त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं. हे ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही, म्हणून असे धागे हवेत.

सह्याद्री_भटका

नव्या गाड्यांत पत्तीऐवजी चेपणारी नळी असते ना, क्रश स्लीव्ह? त्यात काय वेगळं?

निवृत्त_फिटर

तिथे खोलीची पत्ती असतेच, फक्त प्रीलोडला पत्तीऐवजी नळी. नट आवळत गेलं की नळी चेपते आणि बेअरिंगवर ताण येतो. शेवटी नट अगदी जरा जरा फिरवायचा, प्रत्येक वेळी काटा लावून बघायचं. एकदा जास्त चेपली की नट सैल करून चालत नाही, नवी नळीच टाकावी लागते.

इथे मुंबईत वारंवार दिसणारा प्रकार सांगतो. पिनियनच्या सीलमधून तेल गळतं, कोणीतरी पाच मिनिटांत सील बदलून एअर गनने नट ठोकतो. नळी आणखी चेपते, बेअरिंग आवळतं आणि एक्स्प्रेसवेवर तापून बसतं. सील बदलण्याआधी नट आणि यॉकवर खूण करा, फिरायला किती जोर लागतो तो मोजा, आणि परत तेवढाच आणा. एअर गन या नटाच्या जवळ आणू नका.

परळ_पावसाळी

विषय थोडा वेगळा, पण हौसिंगचाच. हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली आणि नंतर तेल दुधाळ निघालं. सील बदलायचे का?

निवृत्त_फिटर

आधी ब्रीदर बघा. हौसिंगच्या नळीवर वरच्या बाजूला छोटी टोपी असते, ती चिखलाने बंद होते. गरम हौसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. सील शाबूत असूनही पाणी शिरतं. ब्रीदर साफ करून त्याला रबरी नळी जोडा आणि ती चासीवर उंच नेऊन ठेवा. दुधाळ तेल त्याच आठवड्यात काढा. पाणी राहिलं की बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात आणि तो आवाज कुठल्याही पत्तीने जात नाही.

मुलुंडची_जीप

काम झालं. क्रमाने लिहितो, पुढच्याला उपयोगी पडेल.

माझ्या अ‍ॅक्सलचे मागचे शाफ्ट टेपरवर चावीने बसवलेल्या हबचे आहेत, त्यामुळे आधी हब पुलर लागला. तो भाड्याने मिळाला. हबला हातोडा लावला नाही. केज बाहेर काढायला हौसिंग किंचित ताणणारा स्प्रेडर वापरला, ताण २० थाऊच्या आत ठेवला आणि ते ताणताना डायल लावून ठेवला होता.

आतल्या कपाखालून ३ थाऊ काढले, शाफ्टवरूनही ३. पिनियन फिरवायला १७ इंच-पौंड. केज बसवल्यावर बॅकलॅश १० थाऊ आला. ३ थाऊची पत्ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाकली, आता ८. पहिल्याच फेरीत पॅटर्न मुळापासून वर आला. पुढच्या भाराचा ठसा आता माथा आणि मूळ यांच्या मधोमध आहे, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला. उलट्या भाराचाही मध्यावर. पेस्टला सगळीकडे स्वच्छ कड आहे.

दातांवर जुन्या घासण्याची चमक मुळाशी दिसते, पण ओरखडे किंवा खड्डे नाहीत. तीच जोडी ठेवू का?

यांत्रिकी_शिक्षिका

खड्डे नसतील आणि नखाला धार लागत नसेल तर ठेवा. आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला ठसा चांगलाच, भार आला की तो बाहेरच्या बाजूला पसरतो.

निवृत्त_फिटर

ठेवा. थोडा सूर उरला तर तो आधीच्या झिजेचा, बसवण्याचा नव्हे. तेल ८० डब्ल्यू ९०, जीएल-५. पहिल्यांदा २०-२५ किलोमीटर हलक्या पायाने चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. ८०० किलोमीटरपर्यंत ट्रेलर नाही, घाटात भार नाही. मग तेल बदला.

मुलुंडची_जीप

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मुलुंड ते सायन जाऊन आलो. ४५ ते ६० मध्ये हुंकार गेला. साठला पाय काढला की अगदी बारीक सूर येतो, शेजारच्याला सांगावं लागलं तेव्हा त्याने ऐकला. हौसिंगला हात लावून बघितला, गरम होतं पण हात ठेवता येत होता.

एकच विचारायचं राहिलं. ८०० ला तेल काढल्यावर त्यात काय दिसलं तर काळजी करायची?

निवृत्त_फिटर

चुंबकावर राखाडी, बोटांत लोण्यासारखा मऊ लेप आला तर ठीक, नव्या कामाचा तो येतोच. बोटाला टोचणारे कण, चकत्या किंवा दाताच्या कडेचा तुकडा आला तर कव्हर पुन्हा उघडा आणि त्याच चार दातांना पेस्ट लावून आजच्या फोटोशी ताडून बघा. पिनियनचा आकडा, दोन्ही पत्त्यांची जाडी आणि बॅकलॅश गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कोणी हौसिंग खोलेल त्याला तिथून सुरुवात करता येईल.